बहुसंख्य असूनही सत्तेबाहेर : बर्मिंगहॅमची टक्केवारी काय सांगते?

अमेरिकेच्या जनगणनेत प्रत्येक शहराच्या नावासमोर तिथल्या लोकसंख्येची वांशिक टक्केवारी दिलेली असते. इतके गोरे, इतके कृष्णवर्णीय, इतके लॅटिनो, इतके आशियाई. वाचणारा आकडे वाचतो आणि पान उलटतो. पाणी जसे उताराकडे आपोआप वाहत जाते तशी ही माणसे आपापल्या वस्तीत जाऊन राहिली असावीत, असेच त्याला वाटते. चळवळीतल्या माणसाने मात्र टक्केवारी अशी वाचता कामा नये. कोणत्या शहरात कोण किती, हे निसर्ग ठरवत नाही. कायदा ठरवतो, पैसा ठरवतो आणि शहराची हद्द आखणारा हात ठरवतो. याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम हे शहर.

हे इंग्लंडमधले बर्मिंगहॅम नव्हे. त्याचे नाव उचलून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यात १८७१ साली वसवलेले हे दोन लाख वस्तीचे मध्यम शहर आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना एप्रिल १९६३ मध्ये याच शहराच्या तुरुंगात डांबले होते आणि इथूनच त्यांनी ते जगप्रसिद्ध पत्र लिहिले. पुढच्याच महिन्यात इथल्या रस्त्यांवर शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, अग्निशमन दलाच्या नळ्यांनी पाण्याचा मारा केला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब उडवला आणि चार मुली मारल्या गेल्या. या खुनांतील पहिला आरोपी दोषी ठरला तो १९७७ मध्ये आणि शेवटचा २००२ मध्ये! न्यायाला एकोणचाळीस वर्षे लागली. एवढे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पण त्यानंतर त्या शहराचे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. ते समजून घेण्यासाठी आकड्यांकडे वळले पाहिजे.

१९६० च्या जनगणनेत बर्मिंगहॅमची लोकसंख्या ३,४०,८८७ होती आणि त्यात शंभरातले सुमारे चाळीस कृष्णवर्णीय होते. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,००,७३३ झाली आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ६८ टक्के झाले. नुसते टक्के पाहणारा म्हणेल, कृष्णवर्णीयांचे लोंढे आले आणि त्यांनी शहर व्यापले. आपल्याकडेही 'त्यांची लोकसंख्या वाढते आहे' असा कांगावा करणारे महाभाग आहेत. त्यांची बुद्धी अशीच चालते. आता जरा हिशेब करू. १९६० मध्ये चाळीस टक्के म्हणजे सुमारे एक लाख पस्तीस हजार माणसे. २०२० मध्ये ६८ टक्के म्हणजे सुमारे एक लाख सदतीस हजार माणसे. साठ वर्षांच्या दोन टोकांना कृष्णवर्णीयांची संख्या जवळपास तेवढीच! घटले ते गोरे. दोन लाखांहून अधिक होते, ते पन्नास हजारांच्या आसपास आले. मधल्या काळात शहराची हद्द काही भागांत वाढवली गेली, तरीही हे घडले. म्हणजे टक्केवारी बदलली ती कोणी आल्यामुळे नाही, कोणी तरी निघून गेल्यामुळे. ते का गेले, कुठे गेले आणि जाताना बरोबर काय घेऊन गेले, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. बर्मिंगहॅमच्या परिसरात लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी या पोलाद बनवायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी जवळजवळ सापडतात. रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदत होते तिथे हे शहर उभे राहिले. खाणीत आणि भट्टीत राबायला माणसे हवी होती. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. पण ती संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक फट ठेवली होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम करून घेता येईल, अशी ती फट. अलाबामाने त्या फटीतून अख्खी गुलामगिरी पुन्हा आत घेतली. काम नसताना फिरतो, एवढ्या कारणावरून कृष्णवर्णीय माणसाला पकडायचे, दंड ठोठवायचा आणि दंड भरता येत नाही म्हणून कैदी करून खाणमालकाला भाड्याने द्यायचे. कैदी भाड्याने देण्याची ही पद्धत अलाबामात १९२८ पर्यंत चालू होती. इतर सर्व राज्यांत ती त्याआधीच बंद झाली होती. कायद्याच्या एका अपवादात किती माणसे गाडली जाऊ शकतात, याचा हा धडा कायदा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावा.

म्हणजे कृष्णवर्णीय माणूस या शहराला पाहिजेच होता. हात पाहिजे होते, शेजार नको होता. गावाला महार-मांगांचे काम हवे आणि त्यांची सावली नको, या व्यवस्थेत वाढलेल्या आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती. १९१० पासून १९६० पर्यंत दर जनगणनेत इथल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण चाळीसच्या आसपास राहिले. या चाळीस टक्क्यांनी राहायचे कुठे, हे शहराच्या कारभाऱ्यांनी १९२६ साली कायद्याने ठरवून टाकले. कोणता भाग कारखान्यांचा, कोणता दुकानांचा, कोणता घरांचा, असा नकाशा करणारा झोनिंगचा नियम अनेक शहरांत होता. बर्मिंगहॅमच्या नियमाने पुढची पायरी गाठली. घरांच्या भागांतही कोणता गोऱ्यांचा आणि कोणता कृष्णवर्णीयांचा, हे त्याने नकाशावर रेघ मारून दाखवले. कृष्णवर्णीयांना मिळालेल्या जागा बहुतांशी कारखान्यांच्या धुराखालच्या, रेल्वेच्या कडेच्या आणि पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या होत्या.

इथे वाचकांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. वंशावरून वस्ती ठरवणारा शहरी नियम घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच लुईव्हिल शहराच्या प्रकरणात दिला होता. त्यानंतर नऊ वर्षांनी बर्मिंगहॅमने तोच नियम केला आणि पंचवीस वर्षे चालवला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कागदावर असणे आणि तो गल्लीत लागू होणे यांत केवढे अंतर असते! याच शहरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकत्र पत्ते किंवा डॉमिनो खेळणे हासुद्धा गुन्हा होता. १९३० च्या दशकात घरकर्जासाठी सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे केले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग भरला गेला. लाल म्हणजे धोका, कर्ज देऊ नका. एका नियमाने जागा ठरवली आणि दुसऱ्याने त्या जागेची किंमत पाडली.

या नियमाला न्यायालयात आव्हान दिले ते आर्थर शोअर्स या कृष्णवर्णीय वकिलाने. १९३७ मध्ये ते वकिली करू लागले आणि पुढची कित्येक वर्षे अलाबामासारख्या मोठ्या राज्यात वकिली करणारे ते बहुधा एकटेच कृष्णवर्णीय वकील होते. १९४७ मध्ये सॅम्युएल मॅथ्यूज या कामगाराच्या घरासाठी त्यांनी दावा लावला आणि जिंकला. निकालानंतर मॅथ्यूज यांचे घर डायनामाइटने उडवले गेले. शहराने नियम मागे घेतला नाही. उलट १९४९ मध्ये तो अधिक कडक केला. मग मेरी मन्क या बाईंच्या नावाने दुसरा दावा आला. शहराच्या वकिलांचा युक्तिवाद काय होता? वस्त्या मिसळल्या तर दंगे होतील, शांतता भंग पावेल, घरांच्या किमती पडतील. दंगा करणार कोण, तर गोरे. आणि दंगा टाळण्यासाठी हक्क सोडायचा कोणी, तर कृष्णवर्णीयांनी! न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. डिसेंबर १९५० मध्ये अपिलाचा निकाल बाईंच्या बाजूने लागला आणि त्यानंतर लगेचच त्यांचेही घर उडवण्यात आले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि नियम कायमचा गेला.

नियम गेला, रेघ राहिली. १९४७ पासून १९६५ पर्यंत या शहरात सुमारे पन्नास बॉम्बस्फोट झाले. ज्या टेकडीवर कृष्णवर्णीय कुटुंबे रेघ ओलांडून राहायला गेली तिला लोक 'डायनामाइट हिल' म्हणू लागले. शोअर्स यांच्या स्वतःच्या घरावर १९६३ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत दोनदा बॉम्ब पडले. तरी ते शहर सोडून गेले नाहीत. १९६८ मध्ये ते शहराच्या कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. नगररचनेचे अभ्यासक चार्ल्स कॉनर्ली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले आहे की, या शहरातून पुढे जे महामार्ग काढले गेले ते कित्येक ठिकाणी १९२६ च्या वांशिक नकाशातल्या सीमेवरूनच गेले. कागदावरची रेघ न्यायालयाने पुसली, ती सिमेंटमध्ये पुन्हा ओतली गेली.

आता गोरे कुठे गेले ते पाहू. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला डोंगराची एक रांग आहे. तिच्या पलीकडे माउंटन ब्रुक, होमवूड, व्हेस्टेव्हिया हिल्स, हूव्हर अशी उपनगरे आहेत. 'उपनगर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अंधेरी-कुर्ला येतात. पण ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहेत. अमेरिकेतले हे उपनगर म्हणजे वेगळी नगरपालिका. वेगळा महापौर, वेगळे पोलीस, वेगळा कर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेगळ्या शाळा. माणूस सकाळी बर्मिंगहॅममध्ये येतो, तिथल्या बँकेत, इस्पितळात, कचेरीत कमावतो आणि संध्याकाळी डोंगर ओलांडून घरी जातो. त्याच्या घराचा कर मात्र बर्मिंगहॅमच्या शाळेला मिळत नाही. माउंटन ब्रुकमध्ये २०१० च्या जनगणनेत २०,४१३ लोक होते आणि त्यांपैकी सुमारे ९७ टक्के गोरे. कृष्णवर्णीय शंभरात एकाच्या आसपास! ज्या शहरात शंभरात सत्तर कृष्णवर्णीय आहेत, त्याच्या वेशीला लागून ही वसाहत आहे. ही उपनगरे मुख्य शहरात विलीन करण्याचे प्रयत्न साठ आणि सत्तरच्या दशकांत झाले आणि ते हाणून पाडले गेले.

शाळांचा मामला त्याहून बोलका आहे. अलाबामात पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावाला आपले स्वतंत्र शिक्षण मंडळ काढता येते. १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. कौंटीच्या शाळा एकत्र करण्याचे आदेश न्यायालयांतून येऊ लागले, तशी एकेक गोरी उपनगरे कौंटीच्या शिक्षण मंडळातून फुटून निघू लागली. तोंडी कारण कधीच वंशाचे नसते. 'आम्हाला आमच्या मुलांच्या शाळा आमच्या हातात हव्यात', एवढेच ते म्हणतात. ही जुनी गोष्ट आहे असे समजू नका. गार्डनडेल या उपनगराने अगदी अलीकडे वेगळे होण्याचा घाट घातला. एप्रिल २०१७ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी स्पष्ट नोंदवले की, यामागे वंशाचा हेतू आहे. आणि तरीही दोन शाळा वेगळ्या करायला सशर्त परवानगी देऊन टाकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. जो खटला १९६५ पासून चालू होता त्यातच हा अर्ज होता. त्रेपन्न वर्षे जुना खटला उपयोगी पडला, कारण पहिल्या पिढीने तो बंद होऊ दिला नव्हता. आपल्या संघटनांनी जुन्या फायली रद्दीत घालण्यापूर्वी हे आठवावे.

जे लोक शहरात राहिले त्यांच्या हाती काय आले? महापौरपद आले. १९७९ मध्ये रिचर्ड ॲरिंग्टन हे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले आणि तेव्हापासून इथे निवडून आलेला प्रत्येक महापौर कृष्णवर्णीय आहे. कौन्सिलमध्येही कृष्णवर्णीयांचे बहुमत आहे. मग सत्ता आली म्हणायची का? २०१५ मध्ये या कौन्सिलने शहरातल्या मजुरांचे किमान वेतन वाढवण्याचा ठराव केला. संघराज्याचे किमान वेतन तेव्हा तासाला ७.२५ डॉलर होते. शहराने ते १०.१० डॉलर करायचे ठरवले. ठराव लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलचा आणि लाभ शहरातल्याच गरिबांना, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांना. फेब्रुवारी २०१६ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने काही दिवसांत कायदा करून असा ठराव करण्याचा अधिकारच सर्व शहरांकडून काढून घेतला. हे विधेयक मांडणारा सदस्य कोठला होता? माउंटन ब्रुकचा! विधेयकाला पाठिंबा देणाऱ्यांत एकही कृष्णवर्णीय आमदार नव्हता. जे लोक शहराचा कर चुकवून डोंगरापलीकडे गेले, त्यांनी तिथून राज्याच्या विधिमंडळात जाऊन शहरातल्या मजुराचा पगार रोखला.

यावर खटला झाला. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी हा वंशभेदाचा दावा चालण्याजोगा आहे असे म्हटले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निर्णय फिरवला. वंशभेद झाला की नाही, या प्रश्नात ते शिरलेच नाही. दावा ज्या अधिकाऱ्याविरुद्ध लावला त्याच्याविरुद्ध तो लावता येत नाही, या तांत्रिक मुद्द्यावर मजूर हरले. वकिली करणाऱ्या प्रत्येकाने असे निकाल पाहिले आहेत. न्यायाचे दार उघडे असते, पण उंबरठा एवढा उंच असतो की गरिबाचा पाय पोहोचत नाही.

हद्दीचा हाच खेळ मतपेटीतही चालतो. बर्मिंगहॅमला लागून शेल्बी नावाची कौंटी आहे. तिथल्या कॅलेरा या गावात एक प्रभाग असा होता की ज्यात सुमारे सत्तर टक्के मतदार कृष्णवर्णीय होते आणि तिथून गावाचा एकमेव कृष्णवर्णीय नगरसेवक निवडून येई. गावाने हद्दवाढ केली, आजूबाजूच्या गोऱ्या वसाहती आत घेतल्या, प्रभागांची फेररचना केली आणि त्या प्रभागातले कृष्णवर्णीयांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आले. २००८ च्या निवडणुकीत तो नगरसेवक पडला. त्या काळी मतदान हक्क कायद्यानुसार, वर्णद्वेषाचा इतिहास असलेल्या राज्यांना असे बदल करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. केंद्राच्या न्याय विभागाने हरकत घेतली आणि पुढे ती जागा त्या नगरसेवकाला परत मिळाली. यावर शेल्बी कौंटी थेट न्यायालयात गेली. तिचे म्हणणे, ही पूर्वमंजुरीची अटच नको. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अट निकामी केली. ज्या कुंपणाने चोर पकडला, ते कुंपणच चोराच्या तक्रारीवरून काढले गेले!

आपल्या चळवळीचा या अलाबामाशी एक थेट धागा आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाचे. हा पक्ष १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडला स्थापन झाला. पण काळ्या चित्त्याची खूण मुळात अलाबामाची. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लाउंड्स ही ग्रामीण कौंटी आहे. तिथे शंभरात सुमारे ऐंशी लोक कृष्णवर्णीय होते. पण १९६५ च्या आरंभी मतदार यादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. ऐंशी टक्के लोक आणि शून्य मतदार! तिथल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला, त्याची निशाणी काळा चित्ता. १९६६ ची निवडणूक ते हरले. १९७० मध्ये त्यांचा नेता जॉन ह्यूलेट कौंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे नाव स्वीकारले, त्याच्या मुळाशी संख्या असूनही सत्ता नसलेल्या माणसांची ही गोष्ट आहे.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बहुमताचे दोन प्रकार सांगितले होते. राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत. राजकीय बहुमत मते पटवून घडवावे लागते, ते आज एकाचे असते, उद्या दुसऱ्याचे होते. त्याचे दार सर्वांना खुले असते. जातीय बहुमत जन्माने ठरते आणि त्यात बाहेरच्याला प्रवेश नसतो. बर्मिंगहॅमचे सारे प्रकरण या एका भेदातून उलगडते. शहरापुरते पाहिले तर कृष्णवर्णीय बहुसंख्य. एक रेघ मोठी काढून राज्य पाहिले तर ते चार माणसांत एक. कोणत्या रेघेच्या आत मोजायचे, हे जो ठरवतो तो बहुमत कोणाचे तेही ठरवतो. शहरात त्यांना बहुमत मिळू दिले आणि शहराचे अधिकार राज्यात ठेवले. घर दिले, किल्ली ठेवून घेतली.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपला माणूस खुर्चीत बसला की प्रश्न सुटतो, असे समजणाऱ्यांनी लॅरी लँगफर्ड यांचे प्रकरण वाचावे. हे बर्मिंगहॅमचे कृष्णवर्णीय महापौर. त्याआधी ते कौंटी आयोगाचे अध्यक्ष असताना सांडपाण्याच्या योजनेसाठी प्रचंड कर्ज उभारले गेले. त्या व्यवहारात लाच घेतल्याबद्दल ऑक्टोबर २००९ मध्ये ते दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये जेफर्सन कौंटीने दिवाळखोरी जाहीर केली. सांडपाण्याचे वाढीव बिल कोणाच्या माथी बसले, हे सांगायला नको. कर्ज देणाऱ्या बड्या बँका गोऱ्यांच्या होत्या हे खरेच. पण सही आपल्या माणसाची होती. आणखी एक गोष्ट. २००० मध्ये या शहरात सुमारे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार कृष्णवर्णीय होते. त्यानंतरच्या वीस वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास कमी झाले, कारण ज्यांना ऐपत आली तेही उपनगरांत गेले. शिकलेला, पगारदार झालेला माणूस वस्ती सोडतो, तेव्हा वस्तीची शाळा आणि संघटना दोन्ही पोरक्या होतात. हे वाक्य अमेरिकेपुरते आहे असे कोणी मानू नये.

तरीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हाती एक हत्यार आहे, ते म्हणजे मोजणी. १७९० पासून तिथल्या प्रत्येक जनगणनेत वंश नोंदवला गेला. सुरुवातीला तो गुलाम मोजण्यासाठी नोंदवला, हे विसरता येत नाही. पण मालकाने हिशेबासाठी ठेवलेली वहीच पुढे मालकाविरुद्ध पुरावा झाली. माउंटन ब्रुकमध्ये किती कृष्णवर्णीय, कॅलेराच्या प्रभागात किती उरले, शाळा फुटल्यावर कोणत्या वर्गात कोण राहील, हे सारे आकड्यांनिशी न्यायालयात मांडता आले, म्हणून ते खटले उभे राहिले. आकडे नसते तर उरली असती ती नुसती ओरड.

आणि आपल्याकडे? अनुसूचित जाती-जमाती वगळता स्वतंत्र भारताच्या जनगणनेत २०११ पर्यंत जात मोजलीच गेली नाही. सर्व जातींची संपूर्ण आकडेवारी शेवटची मिळाली ती १९३१ ची. याची किंमत किती, ते ४ मार्च २०२१ रोजी कळले. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी मागासलेपणाची ठोस आकडेवारी सादर करा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. आकडेवारी सरकारपाशी नव्हती आणि आरक्षण अडकले. ज्यांनी मोजले नाही त्यांना शिक्षा झाली नाही. ज्यांना मोजले गेले नाही त्यांची जागा गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला आणि १ मार्च २०२७ ही त्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरवली. हा निर्णय कोणाची कृपा नाही. तो अनेक वर्षांच्या मागणीचे फळ आहे.

बौद्ध समाजाने या बाबतीत विशेष सावध असले पाहिजे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाले. आपल्या वाडवडिलांनी जनगणनेच्या कागदावर एक शब्द लिहून धर्मांतराची नोंद इतिहासात पक्की केली. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध असणे आणि अनुसूचित जातीत असणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने एकत्र राहू शकतात. महापालिका-नगरपालिकांत अनुसूचित जातींच्या किती जागा राखीव राहणार, हे जनगणनेतल्या प्रमाणावरून ठरते. म्हणून धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात आपल्या प्रमाणपत्रावर असलेली नोंद, या दोन्ही गोष्टी न चुकता लिहिल्या गेल्या पाहिजेत. प्रगणकाने काय भरले, हे न पाहणारा माणूस आपल्या मुलाची जागा स्वतःच्या हाताने खोडतो.

पण बर्मिंगहॅम एवढ्यावर थांबू देत नाही. मोजणी ही पहिली पायरी झाली. मोजलेल्या माणसांभोवती हद्द कोण आखतो, ही दुसरी. प्रभागरचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी काही दिवसांची मुदत मिळते आणि आपले कार्यकर्ते त्या दिवसांत उमेदवारीच्या मागे फिरत असतात. वस्ती दोन प्रभागांत चिरली गेली हे मतमोजणीच्या दिवशी लक्षात येते. तेव्हा कोणतेही न्यायालय मागचे फिरवून देत नाही. प्रत्येक शहरातल्या चार वकिलांनी, चार शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या वस्त्यांचा नकाशा, जनगणनेचे आकडे आणि प्रभागांच्या सीमा एका कागदावर मांडल्या पाहिजेत. मसुदा निघेल त्या दिवशी हरकत तयार असली पाहिजे. आर्थर शोअर्स यांच्याजवळ याहून जास्त काही नव्हते. एक नकाशा होता, कायद्याचे एक पुस्तक होते आणि घरावर बॉम्ब पडला तरी तारखेला हजर राहण्याची जिद्द होती.